ओहोटी बघून निघा: ऐरोलीच्या कांदळवनातली सोपी भटकंती

आईला घेऊन मी पहिल्यांदा ऐरोलीच्या कांदळवनात, म्हणजे खाडीकाठच्या खारफुटीच्या जंगलात गेले, तेव्हा आम्ही नेमक्या भर भरतीला पोचलो. फळ्यांच्या वाटेखाली मातकट पाणी, पाण्यातून वर आलेले हिरवे शेंडे, आणि बाकी काही नाही. मुळं बुडालेली, चिखल बुडालेला, चिखलातले जीव बिळांत गेलेले. परतताना खाडीकाठी जाळं दुरुस्त करत बसलेले एक आजोबा भेटले. आईने त्यांना विचारलं, "बाबा, इथे बघायचं काय असतं?" ते म्हणाले, "पाणी उतरल्यावर या, माय. आता समदं झाकलंय."

त्या एका वाक्याने आमच्या पुढच्या सगळ्या फेऱ्या बदलल्या. म्हणून हे मार्गदर्शन कपडे-बुटांपासून सुरू न करता पंचांगापासून सुरू करते आहे. इथली चाल थोडी आहे, चढ नाही, दम लागत नाही. सत्तरीच्या माणसाला जमते आणि सहा वर्षांच्या मुलालाही जमते. पण वेळ चुकली तर समोर फक्त पाणी दिसतं.

आधी जागा कुठली ते

ठाणे खाडीच्या पूर्व काठावर, नवी मुंबईतल्या ऐरोलीत, वनविभागाच्या कांदळवन कक्षाचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. रिक्षावाल्यांना 'फ्लेमिंगो सेंटर' म्हटलं की कळतं. तिथे माहिती दालन आहे, कांदळवनातून जाणारी फळ्यांची उंच वाट आहे आणि हंगामात खाडीत नेणाऱ्या बोटी आहेत. समोरची खाडी म्हणजे ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य. २०१५ मध्ये ते जाहीर झालं. क्षेत्र जवळपास १७ चौरस किलोमीटर, त्यातलं निम्म्याहून थोडं जास्त कांदळवन आणि उरलेलं पाणी. २०२२ मध्ये या खाडीला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला.

ठाण्याहून यायचं तर ट्रान्स हार्बरची वाशी किंवा पनवेल गाडी पकडा. दिघा गाव स्टेशन २०२४ मध्ये सुरू झाल्यापासून ऐरोली हे ठाण्यानंतरचं दुसरं स्टेशन आहे. तिथून खाडीच्या बाजूला उतरून रिक्षा करा. मुलुंडकडून येणाऱ्यांना ऐरोली पूल सोयीचा. निघण्याआधी केंद्राची साप्ताहिक सुट्टी आणि त्या दिवसाची वेळ फोनवर विचारून घ्या, म्हणजे ओहोटीचा मुहूर्त आणि दाराची वेळ जुळवता येईल.

तिथीची पाऊणपट

कोकणपट्टीत कोळी-आगरी घरांत भरती काढायचा एक तोंडी हिशेब आहे, आणि तो शिकण्यासारखा आहे. त्या दिवशीची तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची. जो आकडा येईल, साधारण तितक्या वाजता पूर्ण भरती. पाण्याला उतरायला सहा तास आणि वर दहा-बारा मिनिटं लागतात, म्हणजे तेवढे मिळवले की पूर्ण ओहोटी. पंधरवडा शुक्ल असो की कृष्ण, मोजणी प्रतिपदेपासूनच.

षष्ठीचं उदाहरण घ्या. सहाची पाऊणपट साडेचार. पहाटे साडेचारला भरती, पावणेअकराच्या आसपास ओहोटी. म्हणजे सकाळी केंद्र उघडताच आत शिरलात तर तासाभरात पाणी तळाला गेलेलं असेल. आता त्रयोदशी बघा. तेराची पाऊणपट पावणेदहा. सकाळी पावणेदहाला भरती, दुपारी चारला ओहोटी. मला हाच दिवस सगळ्यात आवडतो, कारण सकाळी पाणी भरलेलं असताना बोटीतून खाडी बघता येते, मध्ये ऐरोलीत जेवून घ्यायचं, आणि तीनच्या सुमारास झाडांत शिरायचं. शिवाय पौर्णिमा-अमावास्येच्या जवळचे दिवस उधाणाचे. पाणी जितकं वर चढतं तितकंच खाली उतरतं, आणि चिखल लांबपर्यंत उघडा पडतो. अष्टमीच्या मागेपुढे भांग असतो, तेव्हा पाणी सुस्त, चढ-उतार कमी.

हा हिशेब अर्ध्या-पाऊण तासाने इकडेतिकडे होतो. खाडीत आत, ठाण्याच्या बाजूला, भरती मुंबई बंदरापेक्षा थोडी उशिरा पोचते. म्हणून दिवस तिथीवरून निवडा आणि नेमकी वेळ मुंबईच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून पडताळा. वाटेवर चालायला सुरुवात करायची ती ओहोटीच्या तास-दीड तास आधी. पाणी उतरताना जे दिसतं ते पाणी चढताना तितकं निवांत दिसत नाही.

ऋतूचं म्हणाल तर झाडं बारा महिने आहेत. रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, साधारण नोव्हेंबर ते मे. मी स्वतः डिसेंबर ते फेब्रुवारी निवडते, कारण उन्हाचा तडाखा कमी असतो. पावसाळ्यात फळ्यांवर शेवाळ धरतं, वयस्कर माणसं बरोबर असतील तर तेव्हा जाऊ नका.

काय घालायचं, काय न्यायचं

पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट किंवा कुर्ता आणि पूर्ण विजार. रंग मातकट किंवा फिका हिरवा असावा. डास आणि चिलटं असतात, संध्याकाळकडे जास्त, म्हणून मलम घरूनच लावून निघा. पायात पकड असलेले बंद बूट हवेत, चप्पल नको. टोपी, माणशी एक लिटर पाणी, आणि असेल तर दुर्बीण. दुर्बीण एकच असली तरी चालते, पण आधी मुलांच्या हातात द्या. खाण्याचं पाकीट वाटेवर उघडू नका. इथला वारा रिकामं पाकीट हातातून सहज खाडीत नेतो, आणि मुळांच्या जाळीत अडकलेलं प्लास्टिक कुणालाच काढता येत नाही.

पोचल्यावर आधी माहिती दालनात वीस मिनिटं घालवा. तिथे पानं, फळं, मुळं यांचे आकार नीट बघून ठेवलेत, तर पुढे झाडं ओळखताना अडत नाही.

झाडांत शिरल्यावर

आता इथे घाई करू नका. फळ्यांची वाट सरळ चालून गेलात तर काही मिनिटांत संपते. आम्हाला दोन तास लागतात.

सगळ्यात आधी भेटतं ते तिवर. ठाणे खाडीत याचंच राज्य आहे. फिकट साल, वरून हिरवी आणि खालून चंदेरी-राखाडी पानं. तिवर खारं पाणी पितं आणि नको असलेलं मीठ पानांवाटे बाहेर टाकतं. कोरड्या दिवशी, ऊन वर आल्यावर, पानावर हलकेच बोट फिरवून बघा, बारीक कण लागतात. जीभ लावू नका, खाडीचं पाणी तितकं स्वच्छ नाही.

मग खाली बघा. चिखलातून पेन्सिलीसारखी हजारो मुळं सरळ वर आलेली दिसतील. ही श्वसनमुळं. या चिखलात हवा जवळजवळ नसतेच, म्हणून झाड मुळांनाच वर पाठवून श्वास घेतं. मुळांच्या सालीवर बारीक छिद्रं असतात, ओहोटीला त्यांतून हवा आत जाते. आता एक गोष्ट करून बघा, ती मला फार उशिरा कळली. ही मुळं विखुरलेली वाटतात, पण एका बुंध्यावर नजर ठेवून बाहेरच्या दिशेने बघत गेलात तर ती रांगांत उभी असल्याचं दिसतं, सूर्याच्या किरणांसारखी. प्रत्येक रांगेखाली एक लांब आडवं मूळ पसरलेलं असतं. झाड जमिनीखाली कुठवर पोचलंय, हे त्या रांगांवरून कळतं. आईला हे दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे वरचं झाड बघून याचा अंदाजच येत नाही."

चिखलाला सडक्या अंड्यासारखा वास येतो. मुलं नाक धरतात. त्यांना सांगा की ही सांडपाण्याचीच घाण नव्हे. हवा नसलेल्या गाळात जिवाणू पालापाचोळा कुजवतात, त्यातून तो वायू निघतो. त्याच कुजलेल्या पाल्यावर पुढे कोळंबी, खेकडे आणि माशांची पिल्लं पोसली जातात. बोय, जिताडा यांसारख्या माशांची पिल्लं या मुळांच्या आडोशाने वाढतात. पुलावरून जाणाऱ्याला जो नुसता चिखल दिसतो, त्यावर काठच्या गावांची चूल पेटत आली आहे.

तिवरानंतर चिप्पी शोधा. खाडीत जी जास्त दिसते तिच्या फांद्या खाली लोंबतात, लांबून झाड थोडं झुकलेलं वाटतं. हिची श्वसनमुळं तिवरापेक्षा जाड आणि उंच, टोकाकडे निमुळती. फळ चपटं, गोल, बुडाशी चांदणीसारखा देठ. हिचीच बहीण पांढरी चिप्पी. तिला महाराष्ट्राने २०२० मध्ये राज्य कांदळवृक्ष म्हणून जाहीर केलं, आणि असा वृक्ष ठरवणारं हे देशातलं पहिलं राज्य. पांढऱ्या चिप्पीचं फूल रात्री उमलतं, वटवाघळं त्यावर येतात, आणि सकाळ होईपर्यंत पुंकेसरांचा पांढरा झुपका गळून पडतो.

ज्याच्यावरून 'कांदळवन' हा शब्द आला तो कांदळ मात्र इथे तिवरासारखा पावलोपावली नाही. दिसला की ओळखायला सोपा: बुंध्यातून चारी बाजूंनी कमानीसारखी आधारमुळं चिखलात उतरलेली, जणू झाड काठ्या टेकून उभं आहे. त्याच्या फांद्यांवर लांब हिरव्या शेंगा लटकतात. त्या शेंगा नव्हेत, रोपं आहेत. कांदळाचं बी झाडावर असतानाच रुजतं, आणि वाढलेलं रोप सुटून खाली पडतं. ओहोटी असेल तर चिखलात उभं रुततं, भरती असेल तर पाण्यावर तरंगत दुसरीकडे जातं. खाऱ्या चिखलात बी रुजवणं अवघड, म्हणून आई लेकराला अंगावरच वाढवते. तिवरही थोडंफार हेच करतं, फक्त त्याचा अंकुर फळाच्या सालीआड लपलेला असतो. मिठाच्या बाबतीत कांदळाचा मार्ग वेगळा: तो बरंचसं मीठ मुळाशीच अडवतो, आत घेतच नाही.

आता चटकन नजरेत न भरणारी मंडळी. यांच्यासाठी नजर बारीक करावी लागते, शक्य असेल तर केंद्रातला मार्गदर्शक बरोबर घ्या.

काजळा हे झुडुपासारखं झाड. पांढरी, वासाची फुलं झुपक्याने येतात, त्यांवर मधमाश्या असतात. फळ वाकड्या हिरव्या मिरचीसारखं, त्यावरून चटकन ओळखू येतं. मारांडी खालच्या थरात दाटीने वाढते. पानांच्या कडेला काटे, फूल निळं-जांभळं. ती फुललेली असेल तर लांबूनही चुकत नाही. आणि गेवा. हिरव्यागार झाडात एखाद-दुसरं पान लालभडक झालेलं दिसलं तर थांबा, पण हात लावू नका. गेव्याची फांदी मोडली की दुधासारखा चीक निघतो. तो कातडीला झोंबतो, आणि डोळ्यांत गेला तर काही काळ दिसेनासं होऊ शकतं. मुलांना हे झाड लांबून दाखवा आणि कारणही सांगा. नुसतं 'नको' म्हटलं तर ती हात लावतातच.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर कांदळवृक्षांच्या सुमारे २० जाती आहेत. पहिल्या फेरीत तीन ओळखल्या तरी खूप झाल्या. सहा ओळखून दुसऱ्या दिवशी विसरण्यापेक्षा ते बरं.

चिखलाकडे बघायची पद्धत

एका जागी, कठड्याला टेकून, पाच मिनिटं बिलकूल न हलता उभे राहा. पावलांच्या धक्क्याने सगळे जीव बिळांत गेलेले असतात, ते दोन-तीन मिनिटांनी बाहेर यायला लागतात. आधी खेकडे. एक छोटा खेकडा असतो, त्यातल्या नराची एक नांगी अंगाच्या मानाने अवाढव्य. ती तो वरखाली हलवत राहतो, मादीला बोलावायला आणि दुसऱ्या नराला दटावायला. मग निवट्या. निवटी हा मासा, पण चिखलावर कल्ल्यांच्या बाजूच्या परांनी घसटत चालतो, उड्या मारतो. डोळे डोक्याच्या वर, बेडकासारखे. कातडी ओली असली की तिच्यातून तो हवेतला प्राणवायू घेऊ शकतो, म्हणून पाण्याबाहेर इतका वेळ टिकतो. काठच्या घरांत निवट्यांचं कालवण होतं. माझ्या शेजारच्या काकू निवट्यांची नुसती गोष्ट निघाली तरी आधी लसणीचं वाटण सांगतात.

कोल्हेही या कांदळवनात राहतात. दिवसा दिसण्याची आशा धरू नका, पण चिखलात कुत्र्यासारखे ठसे दिसले तर मार्गदर्शकाला दाखवा.

वाट सोडून खाली उतरायचं नाही. वरून कोरडा वाटणारा गाळ गुडघाभर, कुठे कमरेएवढा आत घेतो, आणि प्रत्येक पावलाखाली मोडणारी श्वसनमुळं परत यायला बराच काळ लागतो.

पाणी दिसतं तिथे

झाडं संपून खाडी उघडी होते तिथे तुम्ही पश्चिमेला तोंड करून उभे असता. समोरच्या काठावर विक्रोळी-भांडुपची कांदळवनं, त्यांच्यामागे इमारती, आणि हवा स्वच्छ असेल तर येऊरच्या डोंगरांची रेघ. पाठीशी पारसिकचा डोंगर. उत्तरेला ऐरोली पूल, पाण्यातच उभे विजेचे मनोरे. ही खाडी अरबी समुद्राचाच आत आलेला हात आहे. वरच्या टोकाला ती एका अरुंद वाटेने उल्हास नदीच्या खाडीला मिळते, पण गोडं पाणी तिच्यात फार येत नाही. म्हणून गाळ साठतो, आणि त्या गाळावर रोहित येतात.

रोहित दोन प्रकारचे: छोटा आणि मोठा. छोट्याची चोच गडद, लालसर-काळी, रंग जास्त गुलाबी. मोठा उंच, पांढुरका, चोचीचं फक्त टोक काळं. चोच उलटी करून पाणी गाळून खातात. छोट्याचं मुख्य खाणं सूक्ष्म शेवाळ, आणि पिसांचा गुलाबी रंग त्या खाण्यातूनच येतो. त्यांतले बरेच कच्छकडून येतात. या खाडीत पक्ष्यांच्या दोनशेवर जातींची नोंद आहे, तेव्हा रोहित लांब असले तरी हिरमुसू नका. खंड्या, समुद्र बगळा, शेकाट्या, ब्राह्मणी घार हे बहुधा भेटतातच.

कुरव (सीगल) पक्ष्यांना शेव-गाठी टाकणारी माणसं हिवाळ्यात जागोजागी दिसतात. फोटो छान येतात, पण तळलेलं, खारट खाणं त्या पक्ष्यांचं नाही. शेजारी कुणी टाकत असेल तर मी त्यांच्याशी बोलते. बहुतेक जण ऐकतात.

बोटीने जायचं असेल तर

गणित उलटं. बोटीला भरती लागते, गाळावर ती चालत नाही. म्हणून फेऱ्यांच्या वेळा भरतीप्रमाणे रोज बदलतात, कधी सकाळी लवकर, कधी दुपारी. हंगामातल्या शनिवार-रविवारची नोंदणी काही दिवस आधी करा, आणि शक्य असेल तर आठवड्यातला मधला दिवस घ्या. अंगावर लाइफ जॅकेट, आवाज हळू. इंजिन बंद करून थांबतात तेव्हा मोबाईल खाली ठेवून काही क्षण नुसतं बघा.

बोट नको, तरी रोहित जवळून हवेत

मग नेरूळला जा. भरतीला खाडीतला गाळ बुडाला की रोहितांना उभं राहायला जागा उरत नाही, आणि थवे काठावरच्या उथळ पाणथळींवर येऊन विसावतात. सीवूड्स-दारावे स्टेशनवरून रिक्षाने पाम बीच रस्त्याकडे, चाणक्य नौवहन अकादमीच्या मागच्या पाणथळीच्या बाजूला गेलात की भरतीच्या वेळी हे काठावरूनच दिसतं. ओहोटीला तिथे जाल तर पाणथळ रिकामी असेल. पक्षी उडतील इतकं जवळ जाऊ नका. उन्हाळ्याच्या शेवटी ते पुढच्या लांबच्या प्रवासासाठी अंगात चरबी साठवत असतात, प्रत्येक विनाकारण उड्डाण त्यांना महागात पडतं.

मुलं, आजी-आजोबा आणि कायदा

वयस्कर माणसांसाठी ओहोटीचा सकाळचा दिवस निवडा आणि वाटेत बसायला मिळेल तिथे बसू द्या. मुलांना वही द्या: मुळांचे तीन आकार काढायचे, पेन्सिल, शंकू आणि कमान. तेवढ्यात तिवर, चिप्पी, कांदळ पाठ होतात.

थोडी मोठी मुलं विचारतात की ही झाडं तोडून इमारत का नाही बांधत. त्यांना २६ जुलै २००५ सांगा, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तो दिवस. पाण्याला पसरायला जागा हवी असते आणि भरतीच्या लाटेला कुणीतरी अडवावं लागतं, ही गोष्ट त्या वर्षी या पट्ट्यातल्या घराघरात शिरली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर कांदळवन तोडण्यावर बंदी घातली आणि त्याच्या भोवतीचा ५० मीटरचा पट्टाही राखायला सांगितला. म्हणून फेरीत कुठे भराव टाकलेला किंवा पाण्याचा मार्ग बुजवलेला दिसला तर फोटो काढा, जागा आणि तारीख लिहा, आणि वनविभागाकडे तक्रार द्या. पाणी अडलं की तिवर उभ्या उभ्या वाळतं, त्याला कुऱ्हाड लावावी लागत नाही.

परतीची वेळ पाणी वळल्यावर ठेवा. ओहोटी संपून भरती लागते तेव्हा आधी काहीच कळत नाही. मग मुळांमधल्या एखाद्या बारीक चरीत पाणी उलट्या दिशेने सरकताना दिसतं, खेकडे बिळांच्या तोंडाशी येतात, निवट्या मुळांवर चढायला लागतात. आई हल्ली तेवढ्यासाठी थांबते. पहिली पेन्सिल बुडाली की म्हणते, "चल, आता झाकायला लागलं."